जुनी कागदपत्रे आणि स्लाइड्स: कोणता पोर्टेबल स्कॅनर कशासाठी

घरातील जुनी कागदपत्रे आणि त्याच कपाटात डब्यांमध्ये पडून असलेल्या फोटोंच्या स्लाइड्स (छोट्या चौकटीत बसवलेली, पडद्यावर दाखवायची फिल्म) या दोहोंसाठी एकच सुटसुटीत यंत्र घ्यावे, असा विचार बहुतेकांच्या मनात प्रथम येतो आणि बाजारातील जाहिरातीही त्याच विचाराला खतपाणी घालतात. आमच्या कुटुंबाचे आणि काही स्नेह्यांचे दप्तर स्कॅन करताना निरनिराळ्या प्रकारची यंत्रे हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे की, हे एकच यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये. कागदांसाठी यंत्र हलके आणि सहज नेता येण्यासारखे असणे खरोखर गरजेचे आहे. स्लाइड्ससाठी मात्र ती अट जवळजवळ निरुपयोगी आहे आणि तिच्यापायी चित्राचा दर्जा हकनाक गमवावा लागतो.

याचे कारण तांत्रिक कमी आणि घरगुती अधिक आहे. खरेदीखते, वाटणीपत्रे, फेरफाराच्या नकला, जुने सातबारा उतारे हे कागद ज्या घरात आहेत त्या घराबाहेर सहसा जाऊ दिले जात नाहीत. चार भाऊबंदांची नावे असलेला कागद एकाने पुण्याला नेला, तर उरलेल्या तिघांना झोप लागत नाही. त्यामुळे यंत्रालाच गावी जावे लागते, तेही अशा ठिकाणी जिथे टेबल मिळेलच असे नाही आणि दुपारी वीज असेलच याचीही खात्री नाही. स्लाइड्सच्या बाबतीत असला वाद नसतो. ५० मिमी चौरस चौकटीतल्या शंभर स्लाइड्स एका लहान डब्यात मावतात आणि तो डबा शहरातील चांगल्या यंत्रापर्यंत खुशाल नेता येतो.

कागदांसाठी सर्वांत हलका पर्याय म्हणजे रोलरने कागद ओढून घेणारा शीटफेड स्कॅनर. या वर्गातील एप्सनचा डीएस-७० सुमारे २७० ग्रॅम वजनाचा आहे, यूएसबी केबलवर लॅपटॉपमधूनच वीज घेतो आणि ए४ आकाराची एक बाजू साधारण साडेपाच सेकंदांत उतरवतो. डीएस-८०डब्ल्यू या त्याच्या भावंडात बॅटरी आणि वायफायची भर आहे. लॅपटॉप सोबत असेल तर त्या जादा पैशांचे फारसे चीज होत नाही. केवळ मोबाइलवर काम भागवणाऱ्यांनी मात्र त्याचा विचार करावा. दोन्ही यंत्रे एका वेळी एकाच कागदाची एकच बाजू घेतात, त्यामुळे पाठपोट लिहिलेल्या कागदांचा मोठा गठ्ठा असेल तर हात भरून येतात. अशा वेळी कॅननचा इमेजफॉर्म्युला आर१० अधिक सोयीचा ठरतो, कारण त्यात २० कागदांचा ट्रे आहे आणि तो दोन्ही बाजू एकदम स्कॅन करतो. पण ही सोय अलीकडच्या, एकसारख्या आकाराच्या आणि धडधाकट कागदांसाठी आहे. बँकेची पासबुके, विम्याच्या हप्त्यांचे जुने कागद, टाचणीच्या भोकांनी चाळण झालेल्या पावत्या अशा संमिश्र गठ्ठ्यात तो ट्रे वापरायला मी धजणार नाही.

शीटफेड स्कॅनरचा खरा गुण जाहिरातीत ठळकपणे येत नाही. जुने स्टॅम्प पेपर ए४ पेक्षा लांब असतात. फ्लॅटबेड म्हणजे काचेवर कागद ठेवून स्कॅन करणारे यंत्र. त्याची काच ए४ एवढीच असल्याने असा कागद तिथे दोन तुकड्यांत स्कॅन करून नंतर जोडावा लागतो, आणि कायद्याच्या कामासाठी ठेवलेल्या प्रतीत तो जोड कोणालाच आवडत नाही. रोलरच्या यंत्राला लांबीची एवढी अडचण नसते. रुंदी २१६ मिमीच्या आत असली की लांब कागदही एका दमात निघतो. मुद्रांक, मजकूर, सह्या आणि खालची नोंदणी कार्यालयाची मोहोर हे सगळे एकाच प्रतिमेत अखंड मिळते.

याच रोलरमध्ये त्याचा दोषही आहे. घडीवर तुटू लागलेला, कडा झिजलेला किंवा वाळवीने खाल्लेला कागद रोलरमध्ये घालणे हा निव्वळ जुगार आहे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून असा कागद पुढे सरकवण्याची सोय काही यंत्रांत असते, परंतु पाकिटासकट कागद तिरका जाण्याची शक्यता वाढते आणि प्लॅस्टिकवरची चमक मजकुरावर उतरते. दुसरी अडचण वरवर किरकोळ वाटते, पण फार छळते. या यंत्रांत संवेदकाची (प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरची) पट्टी स्थिर असते आणि कागद तिच्यावरून सरकतो, त्यामुळे पट्टीवरच्या काचेला धुळीचा एक कण चिकटला तरी पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ उमटते. जुन्या दप्तरातून धूळ झडतच असते. दर दहा-पंधरा कागदांनंतर झाकण उघडून मऊ कोरड्या फडक्याने पट्टी पुसणे हाच त्यावर उपाय आहे, आणि तो न करणाऱ्याला संध्याकाळी सगळी पाने पुन्हा स्कॅन करावी लागतात.

म्हणून दप्तर खरोखर जुने असेल तर माझी पहिली पसंती कॅननच्या लाइड मालिकेतील पातळ फ्लॅटबेडला आहे. लाइड ३०० चे वजन दोन किलोंहून कमी आहे, तो लॅपटॉपच्या पिशवीत उभा मावतो आणि त्याला वेगळ्या अ‍ॅडॅप्टरची गरज नाही. यूएसबीची एक केबल वीजही देते आणि प्रतिमाही आणते, त्यामुळे वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत काम थांबत नाही. ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके टिपताना) ए४ पानासाठी त्याला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. लाइड ४०० किंचित वेगवान असून त्याची कमाल क्षमता २४०० ऐवजी ४८०० डीपीआय आहे, पण कागदांच्या कामात हा आकडा कधीच उपयोगी पडत नाही. ज्याला फक्त दस्तऐवज आणि फोटो स्कॅन करायचे आहेत त्याने लाइड ३०० घ्यावा आणि उरलेल्या पैशांत एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी.

या यंत्रांत सीआयएस नावाचा संवेदक असतो. तो काचेच्या अगदी लगत फिरतो, त्याच्या प्रकाशासाठी एलईडी पुरेसे होतात आणि म्हणूनच यंत्र इतके पातळ व कमी विजेवर चालणारे बनते. त्याची किंमत म्हणजे नजरेची खोली फार कमी असते. काचेला टेकलेले अक्षर तो लख्ख दाखवतो, मात्र घडीमुळे कागद दोन-चार मिलिमीटर उचललेला असेल तर तेवढी पट्टी अंधूक होते. बांधीव वहीच्या शिवणीजवळची अक्षरे याच कारणाने जातात. सुटा कागद असेल तर वर वजन ठेवून तो सपाट करता येतो, पण बांधीव वही, जन्मनोंदीचे जाड रजिस्टर किंवा पोथी काचेवर दाबून उलथी करण्यापेक्षा तिचे वरून छायाचित्र घेणे कधीही चांगले. त्यासाठी साधा मोबाइल, तो आडवा धरून ठेवणारा स्टँड आणि दोन्ही बाजूंनी येणारा सारखा उजेड एवढे पुरते. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत मोबाइलने कागद स्कॅन करणारे कॅमस्कॅनरही होते, तरी ‘कॅमस्कॅन करून पाठव’ हा शब्दप्रयोग अजून चलनात आहे. कोणतेही अ‍ॅप वापरले तरी ते आपल्या मर्जीने कागद पांढरा शुभ्र करते आणि त्यात पेन्सिलीच्या फिकट नोंदी नाहीशा होतात, म्हणून मूळ छायाचित्र वेगळे जपावे.

हातात धरून कागदावरून फिरवायच्या दांड्यासारख्या स्कॅनरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मी वापरलेला त्यातला एक, ज्याच्या खोक्यावर ९०० डीपीआय असे छापले होते, हात थोडा कमीजास्त वेगाने फिरला की अक्षरे ताणत किंवा दाबत असे. वर्तमानपत्राचे कात्रण तातडीने टिपायला तो ठीक आहे. मोडी लिपीच्या कागदावर, जिथे एका वळणाने अक्षर बदलते, तो वापरू नये.

कागद किती डीपीआयला स्कॅन करावा याबद्दल अकारण गोंधळ दिसतो. छापील किंवा टंकलिखित मजकुरासाठी ३०० पुरतात. मोडी, बारीक हस्ताक्षर, पुसट शिक्के आणि छायाचित्रांसाठी ६०० घ्यावेत. ए४ चे रंगीत पान ३०० डीपीआयला, दाबून लहान न करता, सुमारे २६ एमबी भरते आणि ६०० डीपीआयला १०४ एमबी. म्हणजे आकडा दुप्पट केला की साठवण चौपट लागते. मात्र रंगीत स्कॅन करण्यात काटकसर करू नये. जांभळ्या शाईचा शिक्का, लाल शाईची आडवी रेघ, निळ्या शाईतली दुरुस्ती हे सगळे दस्तऐवजाचे अर्थ सांगणारे भाग आहेत आणि केवळ काळ्या-पांढऱ्याच्या पर्यायात ते एकजीव होऊन जातात. मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडून अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. टेसरॅक्टसारखे मोफत साधन मराठी छापील मजकूर वाचते आणि स्वच्छ पानावर बऱ्यापैकी वाचते. हस्ताक्षरात त्याचा निभाव लागत नाही. त्यापेक्षा फाइलच्या नावातच वर्ष, गाव, गट क्रमांक आणि दस्ताचा प्रकार लिहिण्याची शिस्त अधिक फळते.

आता स्लाइड्सकडे वळतो. ३५ मिमी स्लाइडवरचे चित्र अवघे ३६ बाय २४ मिमी असते, म्हणून कागदासाठी उत्तम असलेले ६०० डीपीआय इथे हास्यास्पद ठरतात. त्यातून अर्ध्या मेगापिक्सेलचे चित्र हाती येते. २४०० डीपीआयला सुमारे ७.७ मेगापिक्सेल आणि ४००० डीपीआयला २१ मेगापिक्सेलच्या वर चित्र मिळते. लाइड ४०० चे ४८०० डीपीआय येथे कामी येतील असा समज सहज होतो, परंतु ते येत नाहीत. एकतर स्लाइडला मागून प्रकाश लागतो आणि या यंत्राच्या झाकणात तो नाही. दुसरे म्हणजे चौकटीमुळे फिल्म काचेपासून उचललेली राहते आणि सीआयएस संवेदकाची नजर तिथवर पोहोचत नाही. काचेवर स्लाइड ठेवून वर मोबाइलचा पांढरा पडदा धरण्याची युक्ती सांगितली जाते. तिच्यातून स्लाइडवर काय आहे हे ओळखता येते, एवढेच तिचे मोल.

फक्त स्लाइड व निगेटिव्हसाठी बनवलेली छोटी पेटीवजा यंत्रे हा पोर्टेबल म्हणून सर्वाधिक विकला जाणारा प्रकार आहे. कोडकच्या नावाचा परवाना घेऊन दुसऱ्या कंपनीने आणलेला स्लाइड एन स्कॅन हा त्यांतला सर्वांत ठाऊक असलेला. त्याला पाच इंची पडदा आहे, संगणक लागत नाही, एका बाजूने स्लाइड सरकवली की आधीची दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि चित्र थेट एसडी कार्डावर जाते. मोठा संग्रह भराभर पाहून त्यातले ठेवण्याजोगे वेगळे काढायला अशी पेटी खरोखर उत्तम आहे आणि घरातली वडीलधारी माणसेही ती विनासायास चालवू शकतात. पण ती स्कॅनर नसून एक ठरावीक भिंगाचा लहान कॅमेरा आहे, हे लक्षात असावे. तिचा संवेदक १४ मेगापिक्सेलचा आहे. खोक्यावरचे २२ मेगापिक्सेल हे सॉफ्टवेअरने मधले ठिपके कल्पून भरल्यावरचे आहेत, त्यातून तपशील वाढत नाही. चित्र फक्त जेपेग स्वरूपात मिळते, म्हणजे रंग उडालेली स्लाइड पुढे संगणकावर सावरायला फार वाव उरत नाही. या वर्गातील बहुतेक यंत्रे चित्राच्या कडाही थोड्या छाटतात, आणि समूहचित्रात कडेला उभा असलेला माणूस नेमका कोण होता हाच पुढे प्रश्न असतो.

मला सर्वांत समाधान देणारे यंत्र प्लस्टेकचे ऑप्टिकफिल्म ८२००आय आहे. आकाराने ते डबलरोटीएवढे आहे आणि वजनही दीड किलोच्या आसपास, त्यामुळे पोर्टेबल या शब्दाला ते जागते. मात्र त्याला अ‍ॅडॅप्टर आणि संगणक दोन्ही लागतात. एका पट्टीत चार स्लाइड्स बसतात आणि पट्टी हाताने एकेक घर पुढे सरकवावी लागते. त्याच्यावर ७२०० डीपीआय असे छापलेले आहे. प्रत्यक्ष चाचण्यांमध्ये खरा तपशील साधारण साडेतीन हजार डीपीआयच्या आसपास मिळतो असे दिसून आलेले आहे, आणि हीदेखील चांगलीच गोष्ट आहे, कारण त्यातून सुमारे १६ मेगापिक्सेलचे खरे चित्र मिळते. म्हणून त्याला ३६०० वर चालवावे. ७२०० वर सोळा बिट रंगांत एकेक फाइल ४०० एमबीहून मोठी होते, वेळ कितीतरी पटीने लागतो आणि चित्रात केवळ फिल्मचे कण मोठे होऊन दिसतात.

नावातला ‘आय’ महत्त्वाचा आहे. तो अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या फेरीचा निदर्शक आहे आणि स्वस्त ८१०० मध्ये ही सोय नाही. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये अवरक्त किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. त्यामुळे यंत्राला धुळीचा वेगळा नकाशा मिळतो आणि सॉफ्टवेअर तेवढीच जागा भरून काढते. कोकणात किंवा गोव्यात काही पावसाळे काढलेल्या स्लाइड्ससाठी ही सोय असलेल्या यंत्राचे जादा पैसे मोजावेत असे मी निःशंकपणे म्हणेन, कारण एकेक डाग हाताने पुसत बसण्यात जाणाऱ्या वेळेला काही सीमा नाही. तिच्या दोन मर्यादा ठाऊक हव्यात. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचे असते आणि चांदी अवरक्त किरण अडवते, त्यामुळे यंत्राला सगळे चित्रच धूळ वाटू लागते. कोडाक्रोम या कोडकच्या जुन्या रंगीत फिल्मवरही ही सोय नीट चालत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या स्लाइड्स बऱ्याचदा कोडाक्रोमच्या असतात. पुठ्ठ्याच्या चौकटीवर ते नाव छापलेले असते. त्यांच्यासाठी ती सोय बंद ठेवावी, हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने धूळ उडवावी आणि उरलेले हाताने निस्तरावे. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग आश्चर्य वाटावे इतके टिकतात, त्यामुळे हे कष्ट वाया जात नाहीत.

त्याच चौकटीवर अनेकदा फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष उमटवलेले असते, आणि कोणीतरी बॉलपेनने गावाचे किंवा माणसाचे नाव लिहिलेले असते. फिल्म स्कॅनर फक्त आतले चित्र घेतो, चौकट घेत नाही. स्लाइड्स लाइडच्या काचेवर ओळीने मांडून चौकटींचा एक साधा स्कॅन वेगळा घ्यावा. यासाठी सीआयएसची उणीव आड येत नाही. ‘ही बाजू पडद्याकडे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना चौकटीवर असेल तर चित्र उलटसुलट होण्याचा धोकाही टळतो, आणि ती नसेल तर चित्रातील दुकानाची पाटी पाहून खात्री करावी. बुरशी लागलेली स्लाइड पाण्याने कधीही पुसू नये, कारण बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि त्याबरोबर चित्रही.

एप्सनचा पर्फेक्शन व्ही६०० चार किलोंच्या वर वजनाचा आहे आणि तो पोर्टेबल नाही, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. कागद आणि फिल्म दोन्ही करणारे एकच यंत्र हवेच असा आग्रह असेल तर त्याच्या जवळ जाणारे ते आहे. त्याच्या झाकणात फिल्मसाठी प्रकाश आहे, सीसीडी या दुसऱ्या प्रकारचा संवेदक असल्याने नजरेची खोली पुरेशी आहे, अवरक्त सफाई आहे आणि चार स्लाइड्स एकदम लागतात. छापलेले ६४०० डीपीआय मात्र कागदावरच राहतात. स्वतंत्र चाचण्यांत खरा तपशील सुमारे दीड हजार डीपीआय भरतो, म्हणजे ३५ मिमीच्या स्लाइडमधून तीन मेगापिक्सेलच्या आसपास. मोबाइलवर पाहायला ते पुरते, भिंतीवर लावायला नाही. पण एका बाबतीत तो ऑप्टिकफिल्मला मागे टाकतो. आपल्याकडे घरोघरी असलेल्या अ‍ॅग्फा क्लिक ३ सारख्या कॅमेऱ्यांत १२० नावाची रुंद फिल्म जात असे आणि तिच्या निगेटिव्ह जवळपास सहा सेंटीमीटर चौरस असतात. ऑप्टिकफिल्मच्या खाचेत त्या शिरतच नाहीत. व्ही६०० त्या घेतो आणि निगेटिव्हच मोठी असल्याने तेवढ्याच डीपीआयला दहा मेगापिक्सेलच्या वर चित्र देतो. आजोबांच्या काळातील चौकोनी निगेटिव्ह घरात निघाल्या तर निर्णय तिथेच होतो.

मॅक्रो (अगदी जवळून टिपणारे) भिंग असलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ज्याच्याकडे आधीपासून आहे, त्याने निकॉनच्या ईएस-२ सारखी, भिंगापुढे स्लाइड धरणारी नळी किंवा सारख्या उजेडाची एलईडी पाटी वापरून पाहावी. एका स्लाइडला काही सेकंदच लागतात आणि रॉ फाइलमुळे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमुळे) रंग सावरायला भरपूर वाव राहतो. अवरक्त सफाई नसल्याने स्लाइड्स आधीच स्वच्छ असतील तरच ही पद्धत परवडते. केवळ यासाठी कॅमेरा आणि भिंग नव्याने घेणे मात्र उधळपट्टी आहे.

खर्चाचा हिशेब असा बसतो की, ऑप्टिकफिल्मच्या किमतीत लाइड ३०० तीन-चार तरी येतील. त्यामुळे बहुतेक कुटुंबांनी लाइड विकत घ्यावा. लांब दस्त फार असतील आणि ते धड असतील तर जोडीला डीएस-७० घ्यावा. स्लाइड्स शे-दोनशे असतील तर त्या स्लाइड्स स्कॅन करून देणाऱ्या एखाद्या फोटो प्रयोगशाळेकडे द्याव्यात, आणि हजाराच्या घरात असतील तरच ८२००आय घ्यावा, कारण काम संपल्यावर तो विकताही येतो. प्रयोगशाळेला देताना यंत्राचे नाव, खरे डीपीआय, दर्जा न गमावणारी टिफ फाइल मिळणार की केवळ जेपेग, आणि अवरक्त सफाई दरात धरली आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे. स्लाइड्सच्या चौकटींवर आधी मऊ पेन्सिलीने क्रमांक घालून द्यावेत आणि फाइलनावांत तेच क्रमांक मागावेत.